कुसुमताईंची घंटा आणि कॅसेटची पट्टी

“ह्या गाणा मी गावचंय नाय,” असं म्हणून कुसुमताईंनी हेडफोन काढला आणि पेटीवर ठेवून दिला.

ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला. गिटारवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी परागकडे बघितलं. पराग म्हणजे मुंबईच्या म्युझिक कंपनीचा प्रोड्युसर. हा सगळा घाट त्याने घातलेला. तो उठून ताईंच्या समोर उकिडवा बसला.

“ताई, बाकीची सगळी गाणी झाली. हे एकच राहिलंय. आणि खरं सांगू? लोक ह्या एका गाण्यासाठी अल्बम लावणार आहेत.”

“म्हणानच नको,” ताई म्हणाल्या, आणि उठून बाहेर विहिरीकडे गेल्या.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, आणि त्यांच्या तोंडासमोर माइक कुठे ठेवायचा, कोणाचा आवाज किती घ्यायचा, ही डोकेफोड माझी. उमेदीची वर्षं मुंबईच्या स्टुडिओत एसीच्या गारठ्यात काढली. मग कंटाळा आला आणि आपल्या गावी, कसालला, स्वतःचा छोटा सेटअप टाकला. इथे दशावतार रेकॉर्ड करते, भजनी बुवांच्या सीडी-बिडी करते, निवडणूक आली की जीपवरच्या घोषणासुद्धा करते. लाज कसली त्यात? माझ्या तोंडाला फारसं कुंपण नाही, हेही आधीच सांगून टाकते. त्यामुळे मुंबईत मोठमोठे गायक माझ्याशी जरा जपून बोलत.

कुसुमताईंचं नाव मात्र निघालं आणि मी परागला ‘किती दिवस, कुठे, कसं’ काही विचारलं नाही. सरळ हो म्हटलं.

ताई मिठबावच्या. घर मासेमारीचं. आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची, आणि ताई तिच्यामागून चालताना गायच्या. गुरू नाही, क्लास नाही. लग्नाकार्यात गायल्या, जत्रेत गायल्या, आणि मग कॅसेटचा जमाना आला तेव्हा कोणीतरी त्यांना मुंबईला नेऊन गाणी रेकॉर्ड केली. ती कॅसेट इतकी वाजली की आमच्या लहानपणी सलूनमध्ये केस कापताना, टेम्पोत, मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाडीत, जिथे जाल तिथे ताईच. आता सत्तरी उलटलीय. परागच्या कंपनीची कल्पना अशी की त्यांची जुनी गाजलेली गाणी नव्याने करायची, साध्या वाद्यांवर, पेटी, ढोलकी आणि गिटार, आणि प्रत्येक गाण्यात सोबतीला एक पाहुणा गायक. कंपनीच्या भाषेत ‘अनप्लग्ड ड्युएट्स’. अनप्लग्ड म्हणजे प्लग काढलेलं. माझ्या पायात मात्र वायरींचं जंजाळ होतं आणि सगळ्या प्लगलाच लावलेल्या. असो.

ताईंनी मुंबईला यायला साफ नकार दिला. “पावण्यांका हय हाडा. मासे खाव देत, मगे गावतीत,” म्हणाल्या. म्हणून आम्ही त्यांच्या पुतण्याच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये रेकॉर्डिंग मांडलं. मोसम सुरू व्हायला अवकाश होता. शेडमध्ये रिकाम्या लाकडी पेट्यांच्या थप्प्या आणि आंबे भरायला आणलेला भाताचा पेंढा छपरापर्यंत रचलेला. पराग शेड बघून पांढराफटक पडला. मी मध्ये उभी राहून एक टाळी वाजवली आणि खूश झाले. मोकळ्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्याला स्टुडिओत लाखाचा फोम लावून गप करावं लागतं. इथे पेंढ्याने ते काम फुकटात केलं होतं. फक्त भरतीला समुद्राची गाज वाढली की थांबायचं आणि ओहोटीला गायचं, एवढंच पथ्य.

कामाची सुरुवात रोज गाऱ्हाण्याने. ताई स्वतः उभ्या राहून देवाला गाऱ्हाणं घालायच्या. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालू नये असं पुतण्या पहिल्या दिवशी पुटपुटला, तर म्हणाल्या, “देव माझो, गळो माझो, तुझा काय जाता?”

“बा देवा म्हाराजा! आज ही पोरां जा काय काम करतत, ता नीट पार पाड. लाईट जाव नये, कोणाचो गळो बसा नये, आणि त्या बाजूच्या कोंब्याक वायच गप ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे. मुंबईचा परागसुद्धा.

मग त्या पिशवीतून एक लहान पितळी घंटा काढायच्या आणि एकदाच वाजवायच्या. त्यांच्या आईची देवघरातली घंटा. पहिल्या कॅसेटपासून हीच रीत. घंटेशिवाय गळा उघडायचा नाही.

आणि काय काम करायची ही बाई! आजकाल ड्युएट म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या शहरात गायचं. कानात ‘क्लिक’ चालू असतो, म्हणजे घड्याळासारखा टकटक ठोका, आणि त्या ठोक्याला धरून प्रत्येकाने आपापलं गाऊन जायचं. नंतर माझ्यासारखीने जोडायचं. ताईंनी क्लिक कानात गेल्याबरोबर विचारलं, “ह्यो खंयचो सुतार ठोकता?” क्लिक बंद. पाहुण्यांना त्या समोर चटईवर बसवायच्या, गुडघ्याला गुडघा लावून. “तोंड बघल्याशिवाय माका गावता येत नाय,” म्हणायच्या. पुण्याची एक शास्त्रीय गाणारी मोठी बाई आली होती. नाव ऐकून मीच टरकले होते. ती बिचारी पहिल्या दिवशी ताना घेत सुटली. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरा गातस गो. पण ही माझी बाय बाजाराक चलली हा, तिका येवढी गिरकी घेवूक वेळ खंय?” ती पोट धरून हसली आणि पुढचा टेक असा गायली की मी नकळत मान डोलावली. वर्षानुवर्षं मी ज्या गोष्टी गायकांना समजावून थकले, त्या ताई दोन वाक्यांत करून घेत होत्या. मी तर त्यांच्या प्रेमातच पडले.

आणि शेवटी हे राहिलेलं गाणं. ‘निवतीचो दिवो.’ नवरा होडी घेऊन गेलाय, बायको किनाऱ्यावर उभी राहून निवतीच्या दीपगृहाचा दिवा बघतेय, दोघं आपापल्या जागेवरून एकमेकांना हाक मारतात. ‘दिवो दिसलो, तू दिसलंस नाय,’ ही ओळ अंतऱ्यात वरच्या सुराला जाते. मूळ कॅसेटमध्ये ताईंबरोबर त्यांच्याच गावचा बाबी गायला होता. तो आता नाही. त्याच्या जागी पाहुणा होता जुनैद. मुंबईत वाढलेला, सिनेमात गाणारा, पोरीबाळींत भलताच लोकप्रिय, पण मूळ गाव इकडचंच, रेडी. आजोबांचा बंदरावर व्यापार. घरात अजून कोकणी बोलतात. तालीम सुरू करण्याआधी परागने सगळ्यांना मूळ कॅसेट ऐकवली, आणि ताईंनी हेडफोन काढला तो त्यानंतर.

मी चहाचे दोन कप घेऊन विहिरीकडे गेले. ताई कठड्याला टेकून बसल्या होत्या.

“ताई, बाकीच्या गाण्यांना पट्टी खाली घेतली तेव्हा काही बोलला नाहीत. मग ह्यालाच काय झालं?”

पट्टी म्हणजे गाणं पेटीच्या कुठल्या सुरापासून सुरू करायचं ते. वय वाढतं तशी सगळ्यांची पट्टी उतरते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ताईसुद्धा बिनधास्त उतरवत होत्या.

“वयाचा काय नाय गो, चेडवा,” त्या म्हणाल्या. “ह्या गाणा माका तेव्वाच येय नव्हता. तिशी पण नव्हती माझी. कॅसेट गाजली, तेच्या दुसऱ्या वर्सा कुडाळकडे जत्रेत प्रोग्राम होतो. लोक झाडार चढान बसले होते. पेटयेवाल्यान कॅसेटची पट्टी धरली. मी गावूक लागलंय, तर वरचो सूर काय लागना. गळो फाटलो. परत धरलंय, परत फाटलो. तितक्यात मागसून कोणतरी आरडलो, ‘ओ बाई, कॅसेट लावा!’ सगळी जत्रा हसली.”

“मग?”

“मगे काय? पदर तोंडाक लावन खाली उतारलंय. तेच्यानंतर ता गाणा लोकांसमोर म्हटलंय नाय. ता देवान माझ्याकडसून एकदाच गावन घेतल्यान. परत मागूक जाव नये.”

इतकी वर्षं ही बाई तेवढं एक गाणं गिळून बसली होती. लोकांना वाटायचं, ताई फार मोठ्या झाल्या, जुनं गाणं म्हणत नाहीत. मलाही तसंच वाटायचं.

परत आले तर परागकडे उपाय तयार.

“पट्टी खाली घेऊन रेकॉर्ड करू, नंतर तू कॉम्प्युटरवर वर उचल,” तो म्हणाला.

“आणि ताईंना खोटं पाडू? जुन्या कॅसेटशी शर्यत लावू?” मी तडकलेच.

“बरं, मग दुसरं. जुन्या कॅसेटमधला त्यांचा आवाज सुटा काढता येईल ना? तो ठेवू. जुनैद त्याच्यावर गाईल. लोकांना तोच आवाज हवाय.”

काढता येतो. हल्ली असं सॉफ्टवेअर आलंय की मिसळलेल्या गाण्यातून पेटी वेगळी, ढोलकी वेगळी, आवाज वेगळा, असं सोलून निघतं. मी नाही म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“तसाच कर,” ताई दारात उभ्या होत्या. “ती पोर बरी गायली होती. माझ्यापरास बरी.”

स्वतःबद्दल असं बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही, म्हणूनच मला जास्त लागलं. म्हणजे ताईंच्या अल्बममध्ये ताईंच्या सगळ्यात मोठ्या गाण्यात आजच्या ताई नसणार. जुनैद एका जुन्या फितीशी ड्युएट गाणार, आणि ताई बाजूला बसून चहा पिणार. आणि त्यांना ते मान्य होतं! मी परागला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण शेवटी काम ते काम. फाइल उघडली आणि जुना आवाज सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी बघून सगळे जमले. ताईंनी गाऱ्हाणं घातलं. गाणार नव्हत्या, तरी घातलं. “जुनैदाच्या गळ्यात बस रे म्हाराजा!” आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. त्यांनी घंटा वाजवली.

जुनैद माइकसमोर बसला होता. त्याच्या कानात मी सोललेला जुना आवाज सोडला. त्या गाण्याची सुरुवातही ह्याच घंटेने होते. त्या वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये घंटा आली, कंपनीला आवडली, म्हणून ठेवली, आणि आवाज सोलताना मीही ती राहू दिली होती. जुनैदने एक ओळ ऐकली आणि हात वर केला.

“मॅडम, थांबा जरा. कॅसेटवरची घंटा आणि ताईंची घंटा वेगळ्या आहेत का?”

“एकच आहे. का?”

“एक नाहीये. आमच्या घरी आजोबांनी ही कॅसेट झिजवली. रोज संध्याकाळी. ही घंटा माझ्या डोक्यात बसलीय. ताई आत्ता वाजवतायत ती खालची आहे.”

ताई लगेच म्हणाल्या, “घंटा तीच. माझ्या आवशीची. बदलूक ती काय पिपाणी?”

मला आधी वाटलं, पोरगा मोठा कानसेन बनतोय. मग मीच दोन्ही घंटा लागोपाठ लावून ऐकल्या. आई शप्पथ! पेटीवर शेजारच्या पट्टीएवढा फरक. कॅसेटवरची घंटा वर, हातातली घंटा खाली.

आता इथे जरा समजावून सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. माणसाचा आवाज वयाने उतरतो. पेटीचे सूर जुने झाले की हलतात. घंटेचं तसं नसतं. पितळ ओतलं, गार झालं, की तिचा सूर ठरला. चाळीस वर्षांनी वाजवा, तोच सूर. म्हणजे घंटा बदलली नसेल तर कॅसेट बदलली होती.

पहिला संशय मला टेपरेकॉर्डरवर आला. जुन्या मशिनचा पट्टा ताणला की कॅसेट हळू किंवा जोरात फिरते. हळू फिरली की गाणं रेंगाळतं आणि आवाज खाली येतो, जोरात फिरली की गाणं धावतं आणि आवाज वर चढतो. दोन्ही एकदमच होतं. परागकडे कंपनीच्या मास्टरवरून, म्हणजे ज्या फितीवरून सगळ्या कॅसेट काढल्या तिच्यावरून, केलेली कॉपी होती, ताईंच्या कपाटात त्यांची स्वतःची कॅसेट होती. दोन्ही लावून बघितल्या. दोन्हींत घंटा तेवढीच वर. दोन वेगळ्या मशिनचे पट्टे नेमके सारखेच ताणलेले असतील हे काही मला पटेना.

“ताई,” मी विचारलं, “ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा कंपनीचे साहेब काही बोलले होते का?”

“तो खूप बोलायचो. म्हणालो, बाई, गाणी कॅसेटच्या एका बाजूक मावनत नाय. मी म्हटलंय, एक कडवा काढून टाकूया. तर म्हणालो, नको नको, मी बसवतंय.”

“मग कडवं काढलं?”

“नाय बा. सगळी कडवी आसत की तेच्यात.”

मी कपाळावर हात मारला. झालं, उलगडा झाला! कॅसेटच्या एका बाजूला ठरावीक मिनिटंच मावतात. गाणी थोडी जास्त भरली होती. साहेबांनी कडवं कापलं नाही. मास्टर बनवतानाच मशिनचं बटण थोडं फिरवून सगळी फीत जरा जोरात पळवली. गाणी आटोपशीर झाली, एका बाजूत बसली. आणि त्याबरोबर ताईंचा आवाज होता त्याहून वर चढला, पातळ झाला, कोवळा झाला. त्या काळात हे सर्रास चालायचं. उलट कंपन्यांना आवडायचं, बाई तरुण वाटते म्हणून. कोणाला कोणाचं वाईट करायचं नव्हतं. पण कोणी ताईंना सांगितलंही नाही.

म्हणजे जत्रेत पेटीवाल्याने जी पट्टी धरली, त्या पट्टीत ताई कधी गायल्याच नव्हत्या. कधीच नाही! बाकीची गाणी खालच्या सुरातली म्हणून निभावली, ह्याचाच सूर तेवढा वर जातो. त्या रात्री त्यांच्या गळ्याची चूक नव्हती. त्यांना मशिनच्या पट्टीवर चढवलं होतं.

मला इतका आनंद झाला की उडी मारावीशी वाटली. आणि पुढच्याच क्षणाला दुसरी बाजू लक्षात आली. लोकांनी ज्या आवाजावर जीव टाकला, तो आवाज तसा ताईंचा नव्हताच, असाही त्याचा अर्थ निघतो. सत्तरीतल्या बाईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी पराग आणि जुनैदला बाहेर नेऊन सांगितलं. पराग म्हणाला, “नको सांगूस. आहे ते चाललंय.” जुनैद म्हणाला, “सांगायलाच पाहिजे.” मी आत येऊन कॉम्प्युटरवर बसले. ताईंच्या हातात घंटा दिली.

“वाजवा.”

त्या वाजवत राहिल्या आणि मी कॅसेटची फाइल हळू करत गेले. थोडी, आणखी थोडी. जेव्हा दोन्ही घंटा अशा जुळल्या की कुठली कुठून वाजते कळेना, तेव्हा थांबले. आणि गाणं पुढे सोडलं.

शेडमध्ये वेगळीच बाई गायला लागली. घाई नाही, पातळपणा नाही. भरलेला, जरा जाडसर, खाऱ्या वाऱ्यातला आवाज. माझ्यासमोर बसलेल्या ताईंचाच, फक्त तरुण.

ताई पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. मग मागून बाबीची ओळ आली आणि त्यांनी माझा दंड घट्ट पकडला.

“बाबीचो आवाज असोच जाडो होतो गो! कॅसेटीत तो माका कायम पोरगो वाटायचो. मी म्हणायचंय, माकाच आठवत नाय.” आणि मग हळूच, “ही मी आसंय. ही मीच.”

मी त्यांना सगळं सांगितलं. साहेब, बटण, पळवलेली फीत, जत्रेतली पट्टी. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या.

“म्हणजे मी इतकी वर्सां त्या यंत्राच्या मागसून धावतंय?” त्या कडाडल्या. “मेल्यान माका सांगूचा तरी!”

त्या खो खो हसायला लागल्या. आम्हीही हसलो. मग अचानक थांबल्या आणि ज्याची मला भीती होती तेच विचारलं.

“पण मगे लोकांका आवडलेलो तो आवाज यंत्राचोच ना?”

उत्तर जुनैदने दिलं, मोडक्यातोडक्या मालवणीत.

“ताई, माझो आजो रोज ती कॅसेट आयकायचो. तो आवाजाक रडायचो नाय. ‘तू दिसलंस नाय’ ही ओळ इली की रडायचो. माझी आजी लवकर गेली ना. ता यंत्रान म्हटल्यान काय?”

ताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पेटी पुढे ओढली.

“ये रे, झिला. माझ्यासमोर बस.”

पराग पुढे झाला. “ताई, कुठली पट्टी धरायची?”

“जी बसात ती,” त्या म्हणाल्या. पेटीवर दोन-तीन सूर दाबून बघितले आणि पांढरी चार धरली. तरुणपणीच्या खऱ्या पट्टीहूनही खाली. पण आता त्याची कोणालाच लाज नव्हती, आणि ताईंना तर अजिबात नव्हती.

पहिला टेक छान चालला होता, तर माडाची झावळ पत्र्यावर धाडकन पडली. ताई म्हणाल्या, “गाऱ्हाण्यात झावळेचा सांगूचा रवला.” पुन्हा घंटा वाजवून दुसरा टेक घेतला. गुडघ्याला गुडघा, कानात क्लिक नाही, दोघांमध्ये एकच माइक. मी हेडफोन घट्ट दाबून बसले. अंतरा आला. ‘दिवो दिसलो’ आला. वरच्या सुराला ताईंनी जोर लावला नाही. आवाज थोडा थरथरू दिला, अगदी बारीक होऊ दिला आणि तसाच सोडला. किनाऱ्यावर उभी असलेली बाई दुसरं काय करणार? तिचा आवाज दर्यात पोचणारच नसतो. तरुणपणीच्या खऱ्या रेकॉर्डिंगमध्येही त्या अशा गायल्या नव्हत्या. इतकी वर्षं न गायलेलं गाणं आत मुरत होतं ते त्या दिवशी बाहेर आलं, असं मला वाटलं.

पुढची ओळ जुनैदची होती. तो ऐकण्यात इतका गुंतला की सुरुवात करायचीच विसरला. ताईंनी डोळ्यांनी त्याला खुणावलं, ढोलकीवाल्याने एक आवर्तन नुसतंच वाजवलं आणि मग तो भानावर येऊन आत शिरला. नियमाने ही चूक. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये मी ती कापली असती. इथे हात लावला नाही. ती जागा ऐकलीत तर का ते कळेल.

गाणं संपलं. पराग भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होता. “हाच ठेवूया,” एवढंच म्हणाला.

पराग माणूस चांगला आहे, पण प्रोड्युसर तो प्रोड्युसरच. मिक्सिंग चालू असताना त्याचा मुंबईहून फोन आला.

“ऐक ना, थोडं ब्राइट करता येईल? आणि किंचित फास्ट? म्हणजे रीलमध्ये बरं वाटेल.”

“कर की,” मी म्हटलं. “सुरुवातीला घंटा आहे. तेवढी ताईंना ऐकवून घे.”

“नको बाई,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

अल्बम निघाल्यावर कसालच्या मैदानात ताईंचा कार्यक्रम झाला. मिक्सरवर मी बसले होते. गर्दी चांगली होती. बाकीची गाणी झाली आणि ताई शेवटी माइकपाशी आल्या.

“खूप वर्सांआधी कुडाळकडे एका जत्रेत मी ह्या गाणा म्हणी होतंय,” त्या म्हणाल्या. “तेव्वा कोणतरी माका आरडान सांगितल्यान, बाई, कॅसेट लावा. तो माणूस हय असात तर हात वर करा रे.”

आणि मागच्या बाजूला एक नाही, तीन म्हाताऱ्यांनी हात वर केले. तिघांचीही अशी पक्की खात्री की आपणच ओरडलो होतो. सगळं मैदान खदखदून हसलं. ताईसुद्धा हसल्या, अगदी मनापासून.

“बरा केल्यात,” त्या म्हणाल्या. “तुमची कॅसेट जोरात धावत होती. ही माझी पट्टी. आता आयका.”

त्यांनी घंटा वाजवली आणि गायल्या. गाणं संपल्यावर त्या तिघांपैकी एक काठी टेकत पुढपर्यंत आला, स्टेजसमोर उभा राहिला आणि कोणाकडेही न बघता हात जोडून परत फिरला.

ह्यातून मी धंद्यापुरतं एक शिकले. रेकॉर्डिंग सुरू करताना आता मी नेहमी एकदा घंटा वाजवून घेते. कसालच्या बाजारातली साधी पितळी घंटा आहे, आवाजात काही खास नाही. गायक विचारतात, हे कशाला? मी म्हणते, राहू दे. उद्या कोणी तुमचं गाणं पळवलं आणि तुम्हालाच तुमच्या मागे धावायला लावलं, तर ही सांगेल.